आरशातील दोष : चंद्र, रडार आणि प्रतिध्वनीचे वाचन

चंद्राच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना दोन तारखा हमखास सांगितल्या जातात. एक १६०९ सालची, गॅलिलिओने चंद्राकडे दुर्बीण रोखल्याची. दुसरी २० जुलै १९६९ ची, चंद्रावर माणूस उतरल्याची. पहिली घटना पाहण्याची आहे, दुसरी स्पर्शाची. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी तारीख आहे आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात नसते : १० जानेवारी १९४६. त्या दिवशी माणसाने स्वतःहून चंद्राकडे काही पाठवले आणि ते परत आल्याची नोंद केली. तोवर चंद्राविषयी जे कळले होते ते मुख्यतः सूर्याच्या उसन्या प्रकाशात पाहून कळले होते. आता प्रश्न आपण विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायची, असा नवा व्यवहार सुरू झाला.

रडारच्या साहाय्याने झालेल्या चंद्राभ्यासाचा हा इतिहास तंत्रज्ञानाच्या ग्रंथांत यंत्रांच्या क्रमाने सांगितलेला असतो. आम्हांला तो वाचनाचा इतिहास म्हणून मांडावासा वाटतो. रडारला चित्र दिसत नाही. त्याच्या हाती येते ती पडद्यावरची एक क्षीण, कमीजास्त होत जाणारी रेघ. चंद्र खडकाळ आहे की धुळीने भरलेला, बर्फाळ आहे की कोरडा, हे त्या रेघेवर लिहिलेले नसते. ते तिच्यातून काढावे लागते. हा अर्थ कसा लागत गेला आणि कुठे अडला, याकडे पाहिले असता भाषा-साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटावे असे पुष्कळ काही त्यात आढळते.

प्रारंभी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्यांनी प्रथम चंद्राकडे लहरी पाठवल्या त्यांना चंद्राविषयी फारसे काही जाणून घ्यायचे नव्हते. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणांनी अमेरिकी सेनेसमोर नवी चिंता उभी केली होती : वातावरणाच्याही वर जाणारे असे अस्त्र रडारने टिपता येईल काय? वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युद्भारित थर, म्हणजे आयनांबर, रेडिओ लहरींना अडवतो. तो भेदून पलीकडे जाऊन परत येणारी लहर मिळते का, हे तपासायला एक लक्ष्य हवे होते. चंद्र हे आयते लक्ष्य होते. न्यू जर्सीतील कॅम्प इव्हान्स येथे लेफ्टनंट कर्नल जॉन डीविट यांच्या नेतृत्वाखाली हा प्रयोग झाला. रोमन चंद्रदेवतेवरून त्याला 'प्रोजेक्ट डायना' असे नाव मिळाले. डीविट यांनी १९४० मध्ये नॅशव्हिल येथे हौसेखातर हाच प्रयत्न केला होता व तो फसला होता. या वेळी त्यांच्याकडे युद्धकाळातले रडार होते. १११.५ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर पाव सेकंदाचे स्पंद ते सोडत होते. अँटेना वरखाली कलवता येत नव्हता; तो फक्त आडवा फिरे. त्यामुळे चंद्र उगवताना किंवा मावळताना, क्षितिजाजवळ असेल तेवढाच वेळ हाती. १० जानेवारीला दुपारी बाराच्या सुमारास, चंद्रोदयानंतर काही मिनिटांतच, पाठवलेला स्पंद सुमारे अडीच सेकंदांनी परत आला. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. प्रकाशाच्या वेगाने जाऊन येण्यास तेवढाच वेळ लागतो. पुनःपुन्हा खात्री करून घेतल्यावर २५ जानेवारीला ही बातमी जाहीर झाली.

त्याच सुमारास, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या बुडापेस्टमध्ये झोल्टान बाय हे हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ याच कामात गुंतले होते. त्यांची कथा आम्हांला अधिक बोधक वाटते. टुंग्सराम या दिव्यांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९४४ मध्येच तयारी सुरू केली होती. पण १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने कारखान्यातील सामग्री उचलून नेली आणि सारे पुन्हा उभारावे लागले. जे उभे राहिले त्याची शक्ती अपुरी होती. येणारा प्रतिध्वनी यंत्राच्या स्वतःच्या खरखरीहून कितीतरी क्षीण असणार होता; एका खेपेला तो ऐकू येणे शक्यच नव्हते. बाय यांनी यावर शोधलेला उपाय विलक्षण साधा आहे. दर तीन सेकंदांनी एक स्पंद सोडायचा. प्रत्येक स्पंदानंतरच्या काळाचे लहान लहान भाग करून प्रत्येक भागात येणारा विद्युत्प्रवाह फिरत्या कळीच्या साहाय्याने वेगवेगळ्या नळीत सोडायचा. अशा दहा नळ्या. प्रवाहामुळे नळीत हायड्रोजन वायू जमत जातो. खरखर सर्व नळ्यांत सारखीच वाटली जाईल. प्रतिध्वनी मात्र नेहमी एकाच वेळी, म्हणून एकाच नळीत येईल. सुमारे हजार स्पंदांनंतर त्या एका नळीतला वायू इतरांहून किंचित अधिक जमलेला दिसला पाहिजे. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी तो तसा दिसला. एका वेळी जे ऐकू येत नाही ते हजारदा ऐकून साठवावे, हा बाय यांचा विचार. पुढच्या रेडिओ-खगोलशास्त्राने तो पायाभूत पद्धती म्हणून स्वीकारला. नळ्यांची जागा यथाकाल संगणकाने घेतली, इतकेच.

या पहिल्या काळात चंद्र हा विषय नसून साधन होते. तो आकाशात टांगलेला आरसा होता आणि आरशाकडून अपेक्षा एवढीच की त्याने निमूटपणे परत पाठवावे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील जेम्स ट्रेक्सलर यांनी तर या आरशाचा उपयोग हेरगिरीसाठी करण्याची कल्पना मांडली : सोव्हिएत संघातील रडारांच्या लहरी चंद्रावर आपटून पृथ्वीवर परत येत असणार, त्या आपण ऐकाव्यात. जुलै १९५४ मध्ये त्यांनी मानवी आवाज चंद्रावर पाठवून परत मिळवला. १९६० साली नौदलाने चंद्रामार्गे मेरीलँड आणि हवाई बेटे यांच्यात संदेशवहनाची सोयही उभारली. कृत्रिम उपग्रह कामाला लागण्याच्या आधी काही काळ खरा उपग्रहच त्यांचे काम करीत होता.

परंतु आरसा निर्दोष नव्हता. प्रतिध्वनी स्थिर येत नसे, तो मिटमिटे. कधी ठळक, कधी अंधूक, कधी पूर्ण गायब. संदेशवहनाच्या दृष्टीने हा दोष होता. चंद्राच्या अभ्यासाची खरी सुरुवात या दोषाचे कारण शोधण्यापासून झाली, असे आमचे मत आहे. १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रँक कर आणि अलेक्स शेन यांनी रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या शेपर्टन येथील प्रक्षेपकावरून लहरी पाठवल्या व सिडनीजवळ हॉर्न्सबी येथे त्या ऐकल्या. त्यांच्या लक्षात आले की हे मिटमिटणे दोन प्रकारचे आहे : एक मंद, मिनिटांच्या मापाचे, दुसरे जलद, सेकंदांच्या मापाचे. जलद मिटमिटण्याचे कारण त्यांनी चंद्राच्या डोलण्यात शोधले. चंद्र आपल्याकडे सदैव एकच बाजू ठेवतो असे आपण म्हणतो. पण पृथ्वीवरून पाहता तो किंचित डोलत असतो. त्याच्या पृष्ठभागावरील अनेक ठिकाणांहून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. डोलण्यामुळे त्यांचा मेळ क्षणोक्षणी बदलतो आणि आवाज चढतो-उतरतो. मंद मिटमिटण्याचा उलगडा १९५४ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे मरे आणि हारग्रीव्हज यांनी केला. आयनांबरातून जाता-येता लहरीच्या कंपनाची दिशा वळते आणि अँटेनाशी तिचा जम बसत-बिघडत राहतो. एक दोष चंद्राचा, दुसरा आपल्याच आकाशाचा. दोन्ही वेगळे ओळखता आल्यावर मंद दोषावरून आयनांबराचे मापन करता येऊ लागले आणि जलद दोषावरून चंद्राचे.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना येथे थांबावेसे वाटेल. हस्तलिखितातील लेखनदोष हा सामान्य वाचकाला अडथळा. संपादकाला मात्र तो पुरावा असतो. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी आढळली तर त्यांची परंपरा एक असावी, असे अनुमान त्याच चुकीवरून निघते. पूर्ण शुद्ध पोथी आपल्या पूर्वजांविषयी मौन बाळगते. चंद्र गुळगुळीत धातूचा गोळा असता तर त्याचा प्रतिध्वनी स्वच्छ आला असता आणि त्यातून अंतराखेरीज फारसे काही कळले नसते.

जॉड्रेल बँकेतच जॉन इव्हान्स यांनी १९५७ च्या सुमारास दाखवले की प्रतिध्वनीचा बहुतेक भाग चंद्रबिंबाच्या मध्यभागातून येतो. ट्रेक्सलरही स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले होते. हे अनपेक्षित होते. डोळ्यांना पूर्णचंद्र कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ दिसतो, कारण प्रकाशाच्या सूक्ष्म लहरींच्या मापाने त्याचा पृष्ठभाग सर्वत्र खरखरीत आहे. एक-दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरीला मात्र तोच पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत भासतो. म्हणून समोरच्या भागातून लहर सरळ परतते आणि कडेच्या उतारांवरून भलतीकडे निघून जाते. पुढे सेंटिमीटर मापाच्या लहरी वापरल्या तेव्हा चंद्र पुन्हा खरखरीत ठरला. म्हणजे चंद्र गुळगुळीत की खडबडीत, या प्रश्नाला 'कोणत्या लहरीला?' असा प्रतिप्रश्न केल्यावाचून उत्तर नाही.

अर्थ लावण्याची खरी कसोटी मात्र धुळीच्या प्रश्नात लागली. १९५५ मध्ये थॉमस गोल्ड यांनी असे प्रतिपादन केले की चंद्रावरील 'सागर' म्हणून ओळखली जाणारी सपाट मैदाने बारीक धुळीने भरलेली असावीत. ही धूळ खोल असेल तर उतरणारे यान तिच्यात रुतेल, ही भीती त्यातून पसरली. रडार याविषयी काय सांगत होते? येणाऱ्या लहरीपैकी सुमारे ७ टक्केच ऊर्जा चंद्र परत फेकतो. घट्ट खडक याहून बराच अधिक भाग फेकील. तेव्हा वरचा थर सच्छिद्र, भुसभुशीत आहे, एवढे निश्चित झाले. पण भुसभुशीत म्हणजे मोकळी धूळ, की पिसासारखा हलका पण एकजीव खडक? दोन्हींचा प्रतिध्वनी सारखाच येणार. थर भुसभुशीत आहे हे लहरीला कळते. तो भार सोसेल का हे तिला कळत नाही, कारण तिला वजनच नसते. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी सोव्हिएत ल्यूना-९ आणि २ जून १९६६ रोजी अमेरिकी सर्व्हेयर-१ चंद्रावर अलगद उतरले तेव्हा उत्तर मिळाले. सर्व्हेयरचे पाय काही सेंटिमीटरच रुतले. धूळ होती आणि जमीनही भक्कम होती. रडारने सांगितलेले खरे होते. त्याने न सांगितलेले आपण त्याच्या तोंडी घालत होतो.

दरम्यान चंद्राचा नकाशा काढण्याची युक्ती हाती आली होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत पॉल ग्रीन यांनी तिची तात्त्विक मांडणी केली आणि गॉर्डन पेटेन्गिल यांनी १९६० च्या सुमारास मिलस्टोन टेकडीवरील रडारने ती प्रत्यक्षात आणली. चंद्रबिंबाचा मध्य आपल्याला सर्वांत जवळ. तेथील प्रतिध्वनी प्रथम येतो. कडेचा त्यानंतर सुमारे साडेअकरा सहस्रांश सेकंदांनी. म्हणून विलंबाप्रमाणे बिंबाची समकेंद्री कंकणे पाडता येतात. शिवाय डोलण्यामुळे चंद्राची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. त्यानुसार लहरीची वारंवारता किंचित वाढते वा घटते आणि बिंबाचे समांतर पट्टे पाडता येतात. कंकण आणि पट्टा जेथे छेदतात ती जागा. ज्या डोलण्याने ऑस्ट्रेलियातील संशोधकांचा प्रतिध्वनी विस्कटला होता त्याच डोलण्यावर हा नकाशा उभा आहे. या पद्धतीत एक संदिग्धता मात्र राहते. वर्तुळ आणि रेषा दोन ठिकाणी छेदतात, त्यामुळे उत्तरेकडचा एक बिंदू आणि दक्षिणेकडचा एक बिंदू एकाच नोंदीत मिसळून जातात. त्यांना वेगळे करायचे तर अँटेनाचा झोत एवढा अरुंद हवा की चंद्राचा एकच भाग उजळेल. १९६३ मध्ये सुरू झालेल्या पोर्तो रिको येथील अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या थाळीला ते साधले.

या पद्धतीच्या पहिल्या फळांपैकी एक म्हणजे टायको विवर. पौर्णिमेला ज्यातून पांढरे किरण फाकल्यासारखे दिसतात ते दक्षिण गोलार्धातले हे विवर रडारमध्ये आसपासच्या प्रदेशाहून कितीतरी पटींनी उजळ दिसले. त्याच काळात चंद्रग्रहणाच्या वेळी उष्णतेची मापने घेणाऱ्यांना आढळले होते की पृथ्वीच्या छायेत सारा चंद्र भराभर थंड होत असताना टायको मात्र उबदार राहते. धूळ लवकर निवते, दगड उशिरा. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या : टायको हे चंद्राच्या कालगणनेत तरुण विवर असून त्याच्या परिसरात उघडे दगडगोटे विखुरलेले आहेत. एकट्या उजळपणावरून हे इतक्या खात्रीने म्हणता आले नसते.

दुसऱ्या साक्षीची ही गरज बर्फाच्या वादात प्रकर्षाने जाणवली. चंद्राच्या ध्रुवांजवळ काही विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही. तेथे बर्फ साचून राहिला असेल, ही कल्पना जुनी आहे. दुर्बिणीला तेथे अंधारच दिसणार. रडार आपला उजेड बरोबर नेते, म्हणून हा प्रश्न त्याच्याकडे आला. मळसूत्राप्रमाणे उजवीकडे फिरत जाणारी लहर सपाट पृष्ठावर एकदाच आपटून परतली तर तिचा फेर उलटतो. स्वच्छ बर्फात शिरून आतल्या आत अनेकदा आपटून बाहेर आली तर बराचसा फेर मूळचाच राहतो. गुरूच्या युरोपा, गॅनिमीड या बर्फाळ उपग्रहांवर ही खूण आढळली होती. १९९१ मध्ये बुधाच्या ध्रुवावरही ती सापडली. १९९४ मध्ये क्लेमेंटाइन यानाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर लहरी टाकल्या, त्या पृथ्वीवर ऐकल्या गेल्या आणि १९९६ मध्ये बर्फाची खूण मिळाल्याचे जाहीर झाले. पण अरेसिबोच्या निरीक्षकांनी लगेच आक्षेप घेतला : हीच खूण सूर्यप्रकाशात तळपणाऱ्या उतारांवरही मिळते, जेथे बर्फ टिकूच शकत नाही. दगडांच्या राशीत लहर दोनदा आपटली तरी तिचा फेर मूळचाच राहतो. २००६ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी अधिक बारीक नोंदींवरून दाखवले की दक्षिण ध्रुवाजवळ अशी खूण छायेतल्या आणि उन्हातल्या दगडाळ भागांत सारखीच आढळते.

या वादात भारताचा थेट सहभाग आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चंद्रयान-१ वर अमेरिकेने पुरवलेले मिनी-सार हे लहान रडार होते. मार्च २०१० मध्ये त्याच्या नोंदींवरून जाहीर झाले की उत्तर ध्रुवाजवळच्या चाळीसहून अधिक लहान विवरांत आत ही खूण आहे आणि बाहेर नाही. तो बर्फ असेल तर एकूण किमान ६० कोटी टन भरावा. युक्तिवाद असा की नव्या विवरात दगड आतबाहेर दोन्हीकडे असतात. फक्त आतच खूण असेल तर ती बर्फाची. यालाही प्रत्युत्तर मिळाले : विवराच्या तीव्र उताराच्या भिंतींवरून दगड सतत उघडे पडत राहतात, बाहेरचे मात्र कालांतराने भुगा होऊन जातात. ९ ऑक्टोबर २००९ रोजी कॅबेयस विवरात अग्निबाणाचा रिकामा टप्पा आदळवून उडालेल्या धुरळ्यात वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी आढळले, तेव्हा पाणी आहे याविषयी संशय उरला नाही. पण मातीत मिसळलेले बर्फाचे कण रडारला वेगळे ओळखू येत नाहीत. त्याला दिसेल तो जाड, स्वच्छ थर, आणि नेमका तोच निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. २०१९ मध्ये गेलेल्या चंद्रयान-२ वर अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने तयार केलेले दोन तरंगलांबींचे रडार आहे. लहरीचा केवळ फेरच नव्हे, तर तिच्या कंपनाचे संपूर्ण रूप ते नोंदवते. त्यामागचा हेतू हाच की, दगड आणि बर्फ यांना एकाच शब्दाचे दोन अर्थ म्हणून सोडून न देता अधिक संदर्भ मिळवावा.

चंद्रयान-१ चे आयुष्य ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटून संपले. जेमतेम दीड मीटर बाजूची ती पेटी चंद्राभोवती मूकपणे फिरत राहिली. जुलै २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या अँटेनावरून चंद्राच्या उत्तर ध्रुवावर सुमारे १६० किलोमीटर उंचीवरील एका जागी लहरी सोडण्यात आल्या आणि वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथे त्या ऐकण्यात आल्या. एक लहानशी वस्तू दोनदा झोतातून गेली. कक्षेच्या हिशेबावरून ती चंद्रयान-१ असल्याचे ठरले व मार्च २०१७ मध्ये ते जाहीर झाले. १९४६ मध्ये अख्खा चंद्र कसाबसा ऐकू आला होता. सत्तर वर्षांनी त्याच्याभोवती फिरणारी एक पेटी ऐकू आली.

क्षमतेची ही वाढ थक्क करणारी आहे. तरीही आम्हांला या इतिहासात अधिक मोलाची वाटते ती एक सवय : प्रतिध्वनी काय सांगतो याबरोबरच तो काय सांगू शकत नाही, हेही लिहून ठेवण्याची. धुळीच्या प्रश्नात ती सुटली आणि भय पसरले. बर्फाच्या प्रश्नात आकडा मोठा आहे, आणि दक्षिण ध्रुवाजवळ माणसे उतरवण्याच्या योजना अनेक देशांनी आखल्या आहेत. तेथे 'बर्फ असेल तर' या तीन शब्दांतला 'तर' गाळून वाचला गेला, तर त्याची किंमत फार मोठी असेल. आमच्या वर्गात विद्यार्थी कवितेचा 'नेमका अर्थ' विचारतात आणि आपण अनेकार्थतेचे कौतुक करून मोकळे होतो. चंद्राचे हे वाचक तेवढ्यावर थांबले नाहीत. दोन अर्थ संभवतात असे दिसताच त्यांनी दुसरी तरंगलांबी, दुसरे यंत्र, दुसरा साक्षीदार शोधला, आणि तो मिळेपर्यंत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहून ठेवले.